नस महिन्याला इंचभरच वाढते

टेंभुर्णी म्हणजे पुणे-सोलापूर हायवेवरचं गाव. मोटारसायकलचे अपघात आम्हाला नवे नाहीत. प्लास्टर निघतं, जखमा भरतात, घरचे सुस्कारा सोडतात. पण कधी कधी हात लोंबतच राहतो. खांदा, दंड वाळत जातो. आई बिचारी तेल चोळते, अंडी खाऊ घालते. मैत्रिणींनो, तिथं खुराक कमी पडलेला नसतो. पडताना मान एकीकडं आणि खांदा दुसरीकडं ओढला गेला, की मानेतून हातात उतरणाऱ्या नसा ताणतात, कधी तुटतातही. मेंदूचा निरोप पोचेनासा झाला की स्नायू झिजतो.

परवा बचत गटाच्या बैठकीत एका ताईंनी मोबाइल पुढं केला. “वहिनी, ह्या पेप्टाइडच्या इंजेक्शननं पोराचा हात भरतो म्हणं. पाटल्या मोडू का?”

पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा लहानसा तुकडा. मधुमेहासाठी घरोघरी टोचतात ते इन्सुलिनही पेप्टाइडच. पण ताईंनी दाखवलेलं होतं बीपीसी-157. क्रोएशियातल्या झाग्रेबच्या संशोधकांनी 2010 मध्ये उंदरांची कापलेली नस जोडून ते दिलं, तेव्हा नस लवकर सुधारल्याचं दिसलं. उंदरांची! माणसाच्या तुटलेल्या नसेवर ते चालतं हे सिद्ध झालेलं नाही, आपल्याकडं औषध म्हणून त्याला मान्यताही नाही. खेळाडूंना तर 2022 पासून त्यावर बंदीच आहे.

पाटल्या जातील हे आहेच, पण मला धास्ती वाटली ती वेळेची. नस दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढते, म्हणजे महिन्याला जेमतेम इंचभर. इकडं निरोपाविना स्नायू वर्ष-दीड वर्ष तग धरतो. त्यानंतर नस पोचली तरी फारसा उपयोग होत नाही. म्हणून नस जोडायची किंवा शेजारची नस वळवायची शस्त्रक्रिया शक्यतो 3 ते 6 महिन्यांत व्हावी लागते. ताईंच्या मुलाला 4 महिने होऊन गेलेत! इंजेक्शनचा गुण येतो का, हे बघत बसलं तर उरलेले दोन महिनेही जायचे.

प्रत्येकालाच शस्त्रक्रिया लागते असं नाही. नुसती ताणलेली नस आपोआपही सुधारते. ते ईएमजी तपासणीवरून आणि नसांच्या सर्जनकडूनच कळतं. खर्च सरकारी योजनेत बसतो का, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारायचं. तोवर बोटं आखडू नयेत म्हणून फिजिओथेरपीचे व्यायाम हवेतच. आणि हो, बधिर हाताला गरम तव्याचा चटका कळत नाही, तेवढं घरच्यांनी बघायचं.

पाटल्या ताईंच्या हातातच आहेत. शुक्रवारी सकाळच्या एसटीनं आम्ही तिघं सोलापूरला निघतोय.