गोड कोणते, यापेक्षा केले कसे

सीलिॲकच्या रुग्णाला मोदक चालतो का, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही. उकडीच्या मोदकाची पारी तांदळाच्या पिठीची आणि आत ओले खोबरे-गूळ, त्यामुळे मुळात त्यात गव्हाचा कणही नसतो. तळणीच्या मोदकाची पारी कणकेची, रव्याची किंवा मैद्याची, म्हणून तो पूर्ण वर्ज्य. खव्याचा मोदक कागदावर निर्धोक, पण खव्यात काय मिसळले आणि तो कुठल्या परातीत मळला, हे कळल्याखेरीज खरे उत्तर मिळत नाही. लाडवांचेही तसेच. रव्याचा नको, मेथीचा नको, कारण त्यात बहुधा कणीक असते, राजगिऱ्याचा चालावा, बेसनाचा मात्र विचारूनच, कारण लाडू रवाळ व्हावा म्हणून बेसनात थोडा रवा भाजून घालणारी घरे पुष्कळ आहेत. म्हणून 'चालणारे' आणि 'न चालणारे' अशा याद्या अर्ध्याच कामाच्या. पदार्थाचे नाव फक्त सुरुवात करून देते. तो निर्धोक आहे की नाही, हे करणाऱ्याच्या स्वयंपाकघराची शिस्त ठरवते.

एवढ्या काटेकोरपणाची गरज का, याचे उत्तर आजाराच्या स्वरूपात आहे. सीलिॲक म्हणजे पोट नाजूक असणे नव्हे. गहू, जव आणि राय या धान्यांतल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा बिथरते आणि स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. अन्नरस शोषून घेणारे तिथले मखमली अस्तर झिजते. मग मुलाची उंची खुंटते, गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नाही, हाडे ठिसूळ होतात. गव्हाशी असलेला हा संबंध डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० साली आपल्या प्रबंधात मांडला, आणि ग्लुटेन आयुष्यभर टाळणे हाच आजही मुख्य उपचार आहे. हा आजार परदेशी लोकांचा म्हणून सोडून देता येत नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या दिल्ली परिसरातील पाहणीत साधारण ९६ माणसांमागे एकाला तो आढळला होता.

'देवाचा प्रसाद आहे, चमचाभराने काय होतंय?' हा सगळ्यात जास्त ऐकू येणारा आक्षेप. त्याला उत्तर हिशेबाने द्यावे लागते. दिवसाला १० मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन गेले तर बहुतेक रुग्णांना अपाय होण्याची शक्यता कमी, असे तज्ज्ञ मानतात. रोज ५० मिलिग्रॅम सलग तीन महिने दिल्यावर अस्तराची झीज होते, असे २००७ च्या एका इटालियन अभ्यासात दिसले. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा रव्याचा. शंभर ग्रॅम रव्यात साधारण ८ ते १० ग्रॅम ग्लुटेन असते. हातावर घेतलेल्या प्रसादात ५ ग्रॅम रवा धरला, तरी ४०० ते ५०० मिलिग्रॅम ग्लुटेन पोटात जाते, म्हणजे त्या मर्यादेच्या चाळीस-पन्नास पट. 'खाल्ला तरी काही झालं नाही' हाही पुरावा नव्हे. अनेकांना पोटदुखी किंवा जुलाब असे काहीच जाणवत नाही आणि आत झीज चालूच राहते.

उघड दिसणारा गहू टाळणे त्या मानाने सोपे. चोरवाटा शोधणे अवघड. अनारसा तांदूळ-गुळाचा, पण शंकरपाळे आणि करंज्या काढलेल्या तुपातच तो तळला तर त्याचा निर्धोकपणा संपला, कारण तळणीच्या उष्णतेने ग्लुटेन नाहीसे होत नाही. गुलाबजामच्या गोळ्यात मैदा असतोच. रसगुल्ल्यातही तो बांधणीला घातलेला असू शकतो. खव्यात स्टार्चची भेसळ आहे का, हे आयोडीनच्या थेंबाने निळा रंग आल्यावर कळते, पण तो स्टार्च गव्हाचा की बटाट्याचा हे ती चाचणी सांगत नाही. मोठा गैरसमज खपली गव्हाचा आहे. खपली पचायला हलकी म्हणून तिची पुरणपोळी रुग्णाला आवर्जून वाढली जाते, पण खपली हा गहूच आहे आणि त्यात ग्लुटेन आहे. सातूच्या पिठातही जव किंवा गहू असतो. आणि सगळ्यांत दुर्लक्षित जागा म्हणजे कोपऱ्यावरची गिरणी. दिवसभर गहू दळलेल्या जात्यातून तांदळाची पिठी काढली, तर आधीच्या दळणाचे पीठ तिच्यासोबत डब्यात येते.

इतके सांभाळत बसणे रोजच्या संसारात शक्य नाही, असे कोणी म्हणेल. पण हे सांभाळणे मराठी घराला नवे नाही. उपासाचे दळण वेगळे काढायचे, उपासाच्या तेलात रोजचे तळण करायचे नाही, उष्ट्या-खरकट्या हाताने डबा उघडायचा नाही, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या न कुरकुरता पाळले. तीच दक्षता इथे शरीरासाठी वापरायची आहे, फक्त जरा अधिक कडक. गिरणी झाडून आधी मूठभर वरई दळून टाकली की उपासाला भागते. सीलिॲकला भागत नाही. त्यासाठी गहू कधीच न दळलेली घरगंटी हवी किंवा ग्लुटेनमुक्त असे छापलेले बंद पाकीट. फराळ करताना रुग्णाचा घाणा पहिला, ताज्या तुपात, वेगळ्या झाऱ्याने काढला, तर वेगळा स्वयंपाक करावा लागत नाही, फक्त क्रम बदलावा लागतो. आणि उरते ते थोडे नाही: नारळीभात, बासुंदी, श्रीखंड, खोबऱ्याच्या वड्या, तिळगूळ, शेंगदाण्याची चिक्की, साबुदाण्याची खीर. गोव्यात नेवरी आणि बेबिंका मैद्यामुळे बाद, पण हळदीच्या पानातल्या तांदळाच्या पातोळ्या आणि दोदोल सण साजरा करायला पुरेसे आहेत.

दुकानातून घेताना निकष बदलतो. भारतीय अन्नसुरक्षा नियमांनुसार 'ग्लुटेनमुक्त' म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. अर्धा किलो खाल्ले तरी १० मिलिग्रॅमच्या आत, असा हा हिशेब आहे. 'गहू नाही' एवढेच लिहिलेले असेल तर ते पुरे नाही, कारण चॉकलेटी मिठाईत जवाचे माल्ट असू शकते. सुट्या मिठाईच्या ताटावर ती कधीपर्यंत खावी ही तारीख लावलेली असली, तरी शेजारच्या कढईत जिलेबी तळली होती का, हे कुठलीही पाटी सांगत नाही. ज्या दुकानदाराला हे सांगता येत नाही त्याच्याकडची सुटी मिठाई न घेणे हेच शहाणपण. यजमानालाही हाच नियम लागू आहे. घरी सीलिॲकचे मूल येणार असेल तर त्याच्या आईला आदल्या दिवशी विचारावे, केले कसे ते खरे सांगावे, आणि खात्री नसेल तर सरळ केळे किंवा शहाळे पुढे करावे. 'एक तरी घे' हा आग्रह या एका पाहुण्यापुरता तरी गिळावा. पथ्य मोडण्याची सर्वांत मोठी भीती मिठाईपेक्षा त्या आग्रहाचीच आहे.