एकदा पेपर काढून तर बघा!

रिझल्ट लागला की कॅन्टीनमध्ये दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. 'पेपरच टफ काढला होता' आणि 'तपासणाऱ्यानं वाचलंच नाही रे!' एमए, एमकॉम, एमएस्सी, काहीही करत असा; यातलं एक तरी वाक्य तुम्ही म्हटलेलं असणार. पण पेपर 'काढतात' म्हणजे नक्की काय करतात? 'तपासतात' म्हणजे काय? हे आपल्याला कुणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. मास्टर्सला आलो तरी मार्क म्हणजे आपल्यासाठी वळवाचा पाऊस. पडला तर पडला, नाही तर नाही.

आता हा हिशेब बघा. नेट द्यायची तर मास्टर्सला किमान ५५ टक्के लागतात, आरक्षित प्रवर्गांना ५०. ही टक्केवारी राउंड ऑफ करून चालत नाही. समजा, तुमच्या मास्टर्सचे एकूण २००० मार्क आहेत. मग ५४.९० आणि ५५ यांच्यात अंतर किती? फक्त २ मार्कांचं! प्राध्यापक व्हायचं स्वप्न त्या दोन मार्कांवर अडू शकतं. म्हणूनच ते दोन मार्क कसे ठरतात, हे माहीत करून घ्यायला हवं.

प्रश्नातच अर्धा निकाल

महात्मा फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' तुमच्या अभ्यासक्रमात आहे असं समजू. त्यावर दोन प्रश्न काढले.

पहिला : 'शेतकऱ्याचा असूड'मधील विचार स्पष्ट करा.

दुसरा : शेतकऱ्याच्या दुरवस्थेची जी कारणं फुल्यांनी १८८३ मध्ये मांडली, त्यातली कोणती आज तुमच्या तालुक्यातल्या शेतीला लागू पडतात आणि कोणती नाहीत? पुराव्यासह लिहा.

विषय एकच, मार्कही सारखेच. पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही गाइडमध्ये सापडेल. दुसऱ्यासाठी पुस्तक वाचलेलं हवं, तालुका माहीत हवा आणि दोन्ही शेजारी ठेवून विचार करता यायला हवा. पहिला प्रश्न पाठांतर मोजतो, दुसरा समज मोजतो. वर्षभर वर्गात चर्चा, वाद, प्रेझेंटेशन सगळं झालं आणि पेपरात पहिलाच प्रश्न आला, तर ज्यानं खरंच विचार केला आणि ज्यानं आदल्या रात्री नोट्स पाठ केल्या, ते दोघंही एकाच रांगेत उभे राहतात.

पेपर काढणाऱ्यांसाठी याची एक शिडी आहे. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम आणि सहकाऱ्यांनी ती १९५६ मध्ये मांडली. २००१ ची तिची सुधारित आवृत्ती आज जास्त वापरली जाते. पायऱ्या सहा : आठवणं, समजणं, वापरणं, विश्लेषण करणं, पारखणं आणि नवं काही घडवणं. मास्टर्सच्या पेपराचा भर वरच्या पायऱ्यांवर हवा. तुमच्या मागच्या तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका काढा आणि प्रत्येक प्रश्न कितव्या पायरीवर बसतो ते लिहा. 'टिपा लिहा', 'सविस्तर वर्णन करा', 'स्पष्ट करा' यांचीच रांग लागली, तर पेपर सोपा की अवघड हा मुद्दाच उरत नाही. तो खालच्या पायरीवरच थांबला आहे.

वेळेचंही तसंच. अडीच तासांत ६० मार्कांचा पेपर असेल, तर एका मार्काला अडीच मिनिटं येतात. म्हणजे १५ मार्कांच्या प्रश्नाला जेमतेम ३७ मिनिटं. त्यात वाचायचं, विचार करायचा आणि चार-पाच पानं लिहायची! म्हणून चांगला पेपर सेटर प्रश्नाचं उत्तर आधी स्वतः लिहून बघतो. त्यालाच तेवढा वेळ पुरत नसेल, तर मुलांना कुठून पुरणार?

मार्क देणार, पण कशाला?

प्रश्न काढून झाला की खरं काम सुरू होतं. वरचा दुसरा प्रश्न १५ मार्कांचा आहे असं धरू. फुल्यांनी दिलेली कारणं अचूक मांडली, तर ४. तालुक्यातली खरी उदाहरणं, आकडे दिले, तर ५. दोन्हींची तुलना करून स्वतःचं मत पटवून दिलं, तर ४. मांडणी आणि भाषेला २. अशी वाटणी आधीच कागदावर असली की तपासणाऱ्याला पान भरून लिहिलेलं आणि मुद्द्याचं लिहिलेलं यातला फरक करता येतो. ती नसली, तर मग अक्षर, पुरवण्यांची संख्या आणि तपासणाऱ्याचा त्या दिवसाचा मूड, सगळंच मार्क देऊ लागतं.

गंमत नाही, हे तपासून पाहिलेलं आहे. सर फिलिप हार्टॉग हे ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. भारतातल्या शिक्षणाचा आढावा घेणारी १९२९ ची 'हार्टॉग समिती' त्यांचीच. त्यांनी आणि ई. सी. ऱ्होड्स यांनी १९३५ मध्ये इंग्लंडमधल्या परीक्षांचीच परीक्षा घेतली. इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका अनुभवी परीक्षकांकडे दिल्या. वर्ष-दीड वर्षानं त्याच उत्तरपत्रिका १४ परीक्षकांकडून पुन्हा तपासून घेतल्या. एकूण २१० निर्णय झाले. त्यातल्या ९२ वेळा परीक्षकानं स्वतःचाच आधीचा निर्णय बदलला. उत्तर तेच, माणूसही तोच, निकाल मात्र वेगळा!

ते परीक्षक काही आळशी किंवा पक्षपाती नव्हते. लांबलचक उत्तराला मार्क देणं हे कामच निसरडं आहे. म्हणून त्याला आधार लागतो. मार्कांची वाटणी हा एक आधार. दुसरा म्हणजे तपासणी सुरू होण्याआधी सगळ्यांनी त्याच चार-पाच उत्तरपत्रिका तपासून आपापसात ताळमेळ घालणं. तिसरा म्हणजे एकेक उत्तरपत्रिका सलग न तपासता आधी सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा असं जाणं. त्यामुळे पहिलं उत्तर झकास लिहिणाऱ्याला पुढच्या उत्तरांत उगाच झुकतं माप मिळत नाही.

गठ्ठे, स्क्रीन आणि घाई

आता कॅप सेंटरमधल्या टेबलाच्या पलीकडं जाऊ. समोर गठ्ठे, डोक्यावर निकालाची तारीख. महाराष्ट्राच्या विद्यापीठ कायद्यानुसार निकाल ३० दिवसांत, फारतर ४५ दिवसांत लावायचा असतो. त्यात प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा, तासिका तत्त्वावर राबणारी मंडळी आणि त्यांच्याच डोक्यावर शिकवण्याचं कामही. घाईत तपासलेल्या उत्तरपत्रिकेमागं हे सगळं असतं.

मशीन आणलं की सुटेल? मुंबई विद्यापीठानं २०१७ मध्ये हा प्रयोग करून पाहिला. उन्हाळी परीक्षांच्या सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकावर तपासायला घेतल्या, सगळ्या शाखांच्या एकदमच. निकाल रखडले, ३१ जुलैची मुदत हुकली, पुढच्या प्रवेशांची वाट बघणारी मुलं लटकली आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद सोडावं लागलं. स्क्रीनवर तपासणं वाईट नाही. बेरजेच्या चुका त्यात टळतात. पण तयारी आणि प्रशिक्षण आधी हवं. आणि 'मार्क कशाला द्यायचे?' हा प्रश्न स्क्रीन सोडवत नाही, तो माणसालाच सोडवावा लागतो.

इंटर्नल म्हणजे खिरापत?

नव्या शैक्षणिक धोरणानंतर मास्टर्सला संशोधन प्रकल्प आणि ऑन जॉब ट्रेनिंगला वजन आलंय. इंटर्नलचा वाटाही बराच मोठा असतो. इथं दोन टोकं दिसतात. कुठं सगळ्यांना सरसकट भरघोस मार्क, तर कुठं 'सरांच्या डोळ्यात भरलास तर मिळतील' असा प्रकार. दोन्हीकडं नुकसान खरं काम करणाऱ्याचंच.

शिवाय नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं. 'अमुक विषयावर माहिती लिहा' ही असाइनमेंट तेव्हापासून निकालात निघाल्यासारखीच आहे. उचलेगिरीबद्दल यूजीसीचे २०१८ चे नियम आहेत. प्रबंधात १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, त्यापुढं पायरीपायरीनं कारवाई आणि ६० टक्क्यांवर गेलं तर थेट नोंदणी रद्द. पण सॉफ्टवेअरनं साम्य मोजता येतं, समज नाही. ती मोजायला जुनाच उपाय बरा : समोर बसवून दहा मिनिटं विचारा. 'ही प्रश्नावली अशीच का केली? नमुना म्हणून हीच गावं का घेतली?' ज्यानं काम केलंय त्याला हे सांगताना मजा येते. ज्यानं नाही, त्याला घाम फुटतो. व्हायवाचे मार्क कशाला किती, हे मात्र आधी जाहीर हवं.

तुमच्या हातात काय?

● सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यातच विचारा : 'सर, मॅडम, इंटर्नलचे मार्क कशाला किती?' नम्रपणे, पण सगळ्यांनी मिळून. वर्गाच्या ग्रुपवर ती वाटणी लेखी आली, तर उत्तमच.

● चौघं मिळून एका युनिटवर एकेक प्रश्न काढा. मार्कांची वाटणी ठरवा, उत्तरं लिहा आणि नावं झाकून एकमेकांची तपासा. चौघांच्या मार्कांत किती फरक पडतो ते बघा. मग त्या फरकावरच भांडा. इतका अभ्यास कुठल्याही गाइडनं होणार नाही.

● प्रश्नातलं क्रियापद अधोरेखित करा. 'तुलना करा' असं विचारल्यावर दोन वेगवेगळी वर्णनं लिहिली, तर तुलनेचे मार्क कुठून मिळणार?

● मार्क अनपेक्षित आले, तर आधी उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी घ्या, मगच पुनर्मूल्यांकनाचं ठरवा. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका बघण्याचा हक्क माहितीच्या अधिकारात तुम्हाला आहे, असं सुप्रीम कोर्टानं २०११ मध्ये स्पष्ट केलंय. परीक्षकाचं नाव मात्र मिळत नाही, आणि ते योग्यच आहे. विद्यापीठाच्या प्रक्रियेची मुदत थोडी असते, त्यामुळे निकालाच्या दिवशीच तारीख बघून ठेवा.

● फोटोकॉपी हातात आल्यावर नुसती बेरीज करू नका. न तपासलेलं उत्तर आहे का, पुरवणी सुटली आहे का, ते बघा. आणि मग मन घट्ट करून स्वतःच स्वतःला मार्क द्या.

यातलं काहीच मास्तरांशी भांडण काढायला नाही. उलट मार्क कशाला हे विचारणारी मुलं समोर असली, की चांगला प्रश्न काढणाऱ्या शिक्षकालाही हुरूप येतो. आपल्यातलेच काही जण उद्या नेट-सेट होऊन त्या खुर्चीत बसणार आहेत. तेव्हा गठ्ठा समोर येईल, तारीख डोक्यावर असेल आणि कुणाचे तरी ते दोन मार्क आपल्या पेनात असतील. सवय आतापासूनच लावलेली बरी.