गॅलिलिओचे गोळे आणि पिसाचा मनोरा

युरोप सहलीच्या बसेस पिसाला जेमतेम दोन तास थांबतात. मनोऱ्याला हाताने टेकू दिल्याचे फोटो काढून होतात आणि मग कोणीतरी मुलांना जवळ बोलावून सांगतं, ''गॅलिलिओने इथूनच एक जड आणि एक हलका गोळा खाली सोडला. दोन्ही एकदमच पडले आणि ॲरिस्टॉटल खोटा ठरला.'' आपल्या शाळांतही हीच गोष्ट सांगतात. ती इतक्यांदा कानावर येते, की एकदा तिचा नीट समाचार घ्यायलाच हवा.

गैरसमज : गॅलिलिओने पिसाच्या मनोऱ्यावरून गोळे टाकून जड-हलक्या वस्तू एकदमच पडतात हा आपला नियम सिद्ध केला.

वस्तुस्थिती : गॅलिलिओ १५८९ ते १५९२ या काळात पिसाच्या विद्यापीठात गणित शिकवत होता. सगळ्या विद्यापीठासमोर असा प्रयोग झाला असता, तर कोणाच्या तरी पत्रात त्याचा उल्लेख आला असता. तशी एकही समकालीन नोंद नाही. गॅलिलिओच्या छापील ग्रंथांतही या मनोऱ्यावरच्या प्रयोगाचं नाव नाही.

मग ही गोष्ट आली कुठून? विन्चेंझो व्हिव्हियानी या त्याच्या शिष्याने १६५४मध्ये लिहिलेल्या चरित्रातून. ते छापलं गेलं १७१७मध्ये. व्हिव्हियानीचा जन्म १६२२चा, म्हणजे गॅलिलिओने पिसा सोडल्यानंतर तीस वर्षांनी. म्हाताऱ्या, अंध गुरूच्या तोंडून त्याने काही ऐकलं असेलही. पण साठ वर्षांनंतर एका भक्ताने लिहिलेल्या आठवणीला पुरावा म्हणता येत नाही. शिवाय व्हिव्हियानी लिहितो ते एकाच पदार्थाच्या, कमीजास्त वजनाच्या वस्तूंबद्दल. लोखंड आणि लाकूड, दगड आणि पीस ही पुढच्या लोकांची भर.

याहून महत्त्वाचा पुरावा गॅलिलिओच्याच हातचा आहे. पिसात असताना लिहिलेल्या 'दे मोतू' या हस्तलिखितात तो म्हणतो, की पडण्याचा वेग पदार्थाच्या घनतेवर अवलंबून असतो. उंच मनोऱ्यावरून सोडलेलं लाकूड आधी पुढे जातं आणि मग शिसं त्याला मागे टाकतं, असंही त्याने लिहून ठेवलं आहे. म्हणजे त्याने गोळे टाकले असले, तरी आपण त्याच्या तोंडी घालतो तो निष्कर्ष तेव्हा त्याचा नव्हताच!

असा प्रयोग पहिल्यांदा करण्याचा मानही त्याचा नाही. सिमॉन स्टेव्हिन या डच गणितज्ञाने १५८६मध्येच असा प्रयोग छापून प्रसिद्ध केला होता : एक गोळा दुसऱ्याच्या दसपट जड, दोन्ही शिशाचे, उंची तीस फूट आणि खाली फळी. दोन्हींचा आवाज एकच आला. पिसाच्या मनोऱ्यावरून गोळे खरोखर टाकले गेले, पण ते इतरांनी. १६४१मध्ये विन्चेंझो रेनिएरी या तिथल्याच प्राध्यापकाने गॅलिलिओला कळवलं, की लाकडाचा गोळा शिशाच्या मागे किमान तीन हात राहिला. हवा अडवते, तेव्हा तसंच होणार.

मग गॅलिलिओने केलं तरी काय? सरळ खाली पडणाऱ्या वस्तूला लागणारा वेळ तेव्हा मोजता येत नव्हता, इतकी ती वेगात असते. म्हणून त्याने पडणंच मंद केलं. साधारण बारा हात लांबीची तुळई, तिच्यात कोरलेली सरळ खाच, खाचेला आतून गुळगुळीत चर्मपत्र आणि तिच्यातून घरंगळणारी काशाची गोळी. सेकंद मोजणारं घड्याळ नव्हतं, तेव्हा पाण्याच्या भांड्याला बारीक नळी लावली. गोळी खाली पोचेपर्यंत जितकं पाणी गळलं ते तराजूत तोललं, तोच वेळ. हे त्याने शंभरदा करून पाहिलं आणि नियम हाती आला : अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. १६३८मध्ये छापलेल्या ग्रंथात त्याने हे सगळं स्वतः वर्णन केलं आहे.

मनोऱ्याच्या गोष्टीचा राग येतो तो याचसाठी. तिच्यात विज्ञान म्हणजे एका क्षणाचा चमत्कार होतो. आधीचं मत चुकीचं निघालं म्हणून ते सोडणं, साधन तयार करणं, पुन्हा पुन्हा मोजणं, हे सगळं मुलांपर्यंत पोचतच नाही.

आणखी काही ऐकीव गोष्टी

*पिसाच्या कॅथीड्रलमधला झुलता दिवा पाहून १५८३मध्ये गॅलिलिओला लंबकाचा नियम सुचला.* हेही व्हिव्हियानीचंच. शिवाय आज दाखवतात तो मोठा काशाचा दिवा तिथे टांगला गेला १५८७मध्ये.

*मनोरा मुद्दाम तिरका बांधला.* नाही. बांधकाम ११७३मध्ये सुरू झालं आणि तिसरा मजला चढताना मऊ जमीन खचली. वरचे मजले सरळ करायच्या खटपटीत मनोऱ्याला किंचित बाकही आला आहे.

*तो कधीही पडेल.* १९९०मध्ये ही भीती खरी होती, म्हणून तो बंद ठेवला. उत्तरेकडची माती थोडी थोडी काढून त्याचा कल सुमारे साडेपाच अंशांवरून चारवर आणला आणि २००१मध्ये तो पुन्हा उघडला.

पिसाला जरूर जा, मनोरा चढा. मात्र तिथून तासाभराच्या रेल्वे प्रवासावर फ्लॉरेन्स आहे, तिथल्या म्युझेओ गॅलिलिओसाठी अर्धा दिवस राखून ठेवा. त्याच्या नियमाच्या प्रात्यक्षिकासाठी एकोणिसाव्या शतकात तयार केलेली, घंट्या लावलेली उतरती पट्टी तिथे आहे. मुलांना गॅलिलिओची गोष्ट सांगायची, तर ती या पट्टीसमोर उभं राहून सांगा.