सोबत हेही औषधच



दिवाळी सरली की पनवेल तालुक्यातल्या कातकरी वाड्या रिकाम्या होऊ लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे वीटभट्टीवर जातात, ती आगोटीलाच परततात. आरोग्याच्या कामासाठी वाड्यांवर फिरताना मला वाटायचे, मजुराची तब्येत धूळ, धूर आणि अर्धपोटी राहण्याने बिघडते. ते खरेच आहे. पण आणखी एक कारण मला उशिरा उमगले. भट्टीवर त्याची सोबत तुटते.

एकाच वाडीतले दोन रुग्ण आठवतात. दोघांनाही क्षयरोग, दोघांना त्याच मोफत गोळ्या. तरुण लांबच्या भट्टीवर गेला. तिथे वाडीतले दुसरे कोणी नव्हते. क्षयरोगाचे उपचार साधारण सहा महिने चालतात. पण महिना-दीड महिन्यातच खोकला कमी होतो, अंगात ताकद येते आणि माणसाला आपण बरे झालो असे वाटते. नेमक्या त्या वेळी त्याच्या गोळ्या सुटल्या. परतला तेव्हा खोकल्यातून रक्त पडत होते. "सांगणार कोणाला? तिथं आपलं कोण होतं?" एवढेच तो म्हणाला.

दुसरी एक बाई. ती वाडीतल्या चार घरांबरोबर गेली होती. रात्री भाकऱ्या झाल्या की शेजारीण तिला गोळीची आठवण करी. तपासणीच्या दिवशी तिची मुले सांभाळी. भट्टीवर मजुरी हजार विटांच्या हिशेबाने मिळते, त्यामुळे दवाखान्याचा दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. त्या आठवड्याचे तांदूळ तिला शेजाऱ्यांनी उसने दिले. तिचे उपचार पूर्ण झाले.

क्षयरोगाचे जंतू गोळ्यांनीच मरतात, सोबतीने नव्हे. पण दुखणे पहिल्यांदा ओळखणारा, दवाखान्यात नेणारा, धीर देणारा माणूस जवळ असला तरच गोळ्या शेवटपर्यंत पोटात जातात. हे फक्त आपल्या वाडीपुरते नाही. २०१० साली १४८ अभ्यासांतील तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. ज्यांचे नातेसंबंध घट्ट होते, त्यांची त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त आढळली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार एकटेपणाशी जोडलेले मृत्यू दरवर्षी ८ लाख ७१ हजारांच्या घरात आहेत.

म्हणून आता स्थलांतराआधी आम्ही प्रत्येक रुग्णाला दोन गोष्टी विचारतो. भट्टीजवळचा सरकारी दवाखाना कोणता? आणि बरोबर कोण आहे? दुसऱ्याचे उत्तर "कोणी नाही" असेल, तर त्या भट्टीवर आमची फेरी आधी होते.

वाचकहो, तुम्हीही हातभार लावू शकता. २०२२ पासून सुरू असलेल्या 'निक्षय मित्र' उपक्रमात कोणीही नागरिक क्षयरुग्णाच्या पोषण आहाराची जबाबदारी घेऊ शकतो. शिधा जरूर द्या. जमल्यास स्वतः घेऊन या आणि घटकाभर बसून त्याची विचारपूसही करा.