चार टाक्या, एक संप : घरातल्या माशांचं पाणी एकत्र फिल्टर करावं का?

शहापूर तालुका. तानसा आणि भातसा, मुंबईला पाणी पाजणारे दोन मोठे जलाशय याच तालुक्यात. तरी उन्हाळा आला की इथल्या कित्येक पाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते.

अशा भागात कुणी माशांचा नाद केला, तर पहिला प्रश्न पाण्याचा आणि दुसरा विजेचा. आणि एका टाकीच्या चार टाक्या झाल्या की तिसरा प्रश्न येतो, चार फिल्टर कोण धुणार?

इथे कामाला येतो संप. कामगारांचा नाही, टाक्यांच्या खाली ठेवलेली एक जादा टाकी.

हे चालतं कसं?

1892 मध्ये तानसा धरण पूर्ण झालं. जलाशय उंचावर आणि मुंबई खाली, म्हणून तिथलं पाणी पाइपातून उतारानेच शहराकडे जातं. संपमध्येही तसंच. प्रत्येक टाकीला वरच्या बाजूला ओव्हरफ्लोचा पाइप असतो. जास्तीचं पाणी त्यातून आपोआप खाली संपमध्ये पडतं.

संपमध्ये आधी स्पंज लागतो. तो विष्ठा आणि उरलेलं खाद्य अडवतो. पुढे सिरॅमिक रिंग्ज असतात. त्यांच्यावर वाढणारे जिवाणू माशांसाठी विषारी असलेल्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. शेवटी पंप हे पाणी परत चारही टाक्यांत चढवतो.

फायदा सरळ आहे. साफसफाई एकाच जागी. पाणी जास्त, त्यामुळे तापमान आणि पीएच पटकन हलत नाहीत.

मग पाणी वाचतं का?

बरेच जण इथेच फसतात. नायट्रेट किती साठणार हे मासे किती आणि खाद्य किती यावर ठरतं, फिल्टर किती भारी यावर नाही. ते काढायला पाणी बदलावंच लागतं.

हिशोब करा. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत साधारण 55 लिटर पाणी मावतं. अशा चार टाक्या म्हणजे 220 लिटर आणि संपमधलं 55, एकूण 275. त्यातलं पाव पाणी बदललं तर जवळपास 70 लिटर, म्हणजे 15 लिटरचे चार-पाच हंडे. टँकरवर घर चालत असेल तर मासे कमी ठेवणं हाच उपाय. काढलेलं पाणी मात्र झाडांना घाला, नायट्रेट त्यांचं खत आहे.

लाइट गेली तर?

पंप बंद पडला की टाक्यांतलं पाणी ओव्हरफ्लोच्या पातळीपर्यंत खाली येतं. चारही टाक्यांत पाणी फक्त एक इंच उतरलं, तरी संपमध्ये जवळपास 19 लिटर येतात. तेवढी जागा रिकामी नसेल तर पाणी थेट फरशीवर.

म्हणून 80-85 लिटरच्या संपमध्ये 55 लिटरच पाणी ठेवा. वर पाणी चढवणाऱ्या पाइपाला टाकीतल्या पाण्याच्या पातळीजवळ छोटं भोक पाडा. पंप थांबल्यावर भोकातून हवा शिरते आणि पाइपातून उलटं येणारं पाणी तुटतं. सगळं जोडून झालं की एकदा मुद्दाम पंप बंद करून बघा.

लाइट तासन् तास जाणार असेल तर बॅटरीवरचा एअर पंप हवाच. ऑक्सिजन संपला की आधी मासे तडफडतात आणि रिंग्जवरचे जिवाणूही मरायला लागतात.

सगळ्यात मोठा धोका

पाणी एक, म्हणजे रोगही एक. बाजारातून आणलेल्या एका माशाला पांढरे ठिपके असले, तर तो रोग चारही टाक्यांत फिरतो. औषध टाकलं तर तेही चारही टाक्यांत जातं. तांबं असलेलं औषध असेल तर गोगलगायी आणि कोळंबी मरतात.

म्हणून नवा मासा तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवायचा. त्या टाकीचं पाणी, जाळी, स्पंज, काहीही संपशी जोडायचं नाही.

अजून एक. गोल्डफिशला थंड पाणी लागतं आणि डिस्कसला 28 ते 30 अंश. एका संपवर हे दोघे नांदणार नाहीत.

थोडक्यात, एकसारखं पाणी लागणारे मासे असतील, विजेची सोय असेल आणि वेगळी टाकी ठेवायची तयारी असेल, तर संप कामाचा. नाहीतर चार टाक्यांना चार छोटे फिल्टर बरे. धुवायला कंटाळा येईल, पण एक टाकी गेली तर बाकीच्या तीन तरी वाचतील.