आजीला गाडी लागत नव्हती, गाडीतच गळती होती!

आमच्या आजीला ‘गाडी लागते’, हे घरात सगळ्यांनी मान्यच केलं होतं. टिटवाळ्याहून कल्याणला डोळे दाखवायला निघालं, की शहाडच्या पुलावरच्या ट्रॅफिकमध्ये तिची मळमळ सुरू. आवळा सुपारी झाली, लिंबू झालं, काच खाली करून झाली. ‘अरे, रॉकेलसारखा वास येतोय,’ असं ती म्हणायची. त्यावर मामा, ‘पेट्रोलच्या गाडीत मोगऱ्याचा येणार का?’ एका गॅरेजवाल्यानं तर परफ्यूम लावायला सांगितलं. लावला. मग लव्हेंडर अधिक पेट्रोल!

शेवटी स्टेशनजवळच्या एका मेकॅनिककाकांनी बॉनेट उघडलं आणि पाच मिनिटांत दाखवलं. इंधनाची रबरी नळी उंदरानं कुरतडलेली, क्लिपजवळ ओलसर. पावसाळ्यात उंदरांना कोरडी, उबदार जागा हवी असते आणि नुकतं बंद केलेलं इंजिन म्हणजे त्यांच्यासाठी एसी रूमच. नळी आणि दोन क्लिपा, साडेचारशे रुपये. बिल देताना मामा सहज बोलून गेला, की अंगारकीला गाडीला हार घालून डॅशबोर्डवर अगरबत्ती लावली होती. काका हातातला पाना तसाच धरून दोन सेकंद गप्प.

का गप्प, ते सांगते. पेट्रोल शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. ती वाफ हवेपेक्षा जड, त्यामुळे वर उडून न जाता खाली, पायांशी साचते. ठिणगी पुरेशी असते.

म्हणून घरची जुनी गाडी असो की मित्रांनी मिळून घेतलेली सेकंडहँड, वास आला तर आधी स्वतःला विचारा : नेमका कधी येतो? अर्धं निदान इथेच होतं, शप्पथ. टाकी फुल केल्यावरच येत असेल, तर झाकण बघा. ते ‘कट् कट्’ वाजेपर्यंत फिरवलंय का, आतली रबराची रिंग चिरलीय का? रिंग गेली असेल तर नवं झाकण बसवायला मेकॅनिक लागत नाही. मागच्या सीटवर जास्त जाणवत असेल, तर पंपाच्या सीलवर संशय घ्या, कारण बऱ्याच हॅचबॅकमध्ये पंप मागच्या सीटखालीच असतो. बाहेरची हवा आत घेताना वास येतो आणि एसी ‘रिसर्क्युलेशन’वर टाकला की कमी होतो? मग उगम बहुधा बॉनेटखाली. आमचं हेच होतं. सकाळी थंड इंजिन सुरू करताना सायलेन्सरमागे क्षणभर येणारा वास मात्र नॉर्मल आहे. तो दिवसभर येत राहिला, तर प्लग किंवा इंजेक्टर तपासून घ्या. आणि हो, डिकीत स्कूटीसाठी भरून ठेवलेली पेट्रोलची बाटली आहे का, तेही बघा. हसू नका, आमच्या ग्रुपमध्ये हे घडलंय.

रात्री गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा ठेवायची युक्तीही काकांचीच. एसीच्या पाण्याला वास नसतो. पण पेट्रोल उडून जातं, त्यामुळे पुठ्ठा कोरडा निघाला म्हणून निर्धास्त होऊ नका.

पंपावर ‘भैया, राउंड फिगर करा’ म्हणायची सवय असेल, तर ही गोष्ट तुमच्यासाठी. नोझल आपोआप बंद झाल्यावरही पेट्रोल कोंबलं, तर ते वाफ साठवणाऱ्या कोळशाच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये शिरू शकतं आणि तो निकामी होतो. २०१४ च्या एप्रिलमध्ये मारुती सुझुकीनं एर्टिगा, स्विफ्ट आणि डिझायर मिळून १,०३,३११ गाड्या परत बोलावल्या होत्या. दोष होता इंधन भरण्याच्या नळीच्या तोंडाशी. ऑटो-कटच्या पुढे भरलं तर वास, क्वचित गळतीही होऊ शकते, असं कंपनीनंच सांगितलं होतं. सेकंडहँड गाडी घेताना तिचा रिकॉल झाला होता का, हे चासी नंबरवरून विचारायला लाजू नका.

जुन्या गाड्यांचा अजून एक प्रश्न म्हणजे ई-२०, अर्थात २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग बदलावे लागू शकतात, असं २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयानंच म्हटलं. म्हणजे सर्व्हिसिंगला ‘नळ्याही बघा’ हे आपणच सांगायचं.

वास अचानक आणि उग्र आला, तर हीरोगिरी नको. चालत्या गाडीत असाल तर बाजूला घ्या, इंजिन बंद करा, सगळ्यांना उतरवा, दारं उघडी ठेवा. पुन्हा चावी फिरवून बघू नका, बॉनेटमध्ये मोबाइलचा टॉर्च मारत वाकू नका. बंद पार्किंगमध्ये असेल तर ढकलून बाहेर काढा. पेटलीच तर पाणी ओतायचं नाही, पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरतं. लांब जा आणि १०१ किंवा ११२ लावा. नळ्या स्वतः उघडायचा यूट्यूबी उत्साहही आवरा, कारण इंजिन बंद असलं तरी लाइनमध्ये दाब उरलेला असू शकतो. सीएनजीचा वास वेगळा, सडक्या अंड्यासारखा. तो आला तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करून थेट अधिकृत सेंटर.

आजी हल्ली पुढच्या सीटवर बसते आणि निघण्याआधी दोनदा नाक ओढून हवा हुंगते. तिनं ‘चल’ म्हटल्याशिवाय मामा स्टार्टर मारत नाही. अगरबत्ती आता गेटबाहेर, तुळशीच्या कुंडीत.