ऐंशीस एक भावाचा घोडा आणि आपला मेंदू

अमेरिकेतील लुईव्हिल शहरात दरवर्षी मे महिन्यात केंटकी डर्बी ही घोड्यांची प्रसिद्ध शर्यत होते. ७ मे २०२२ रोजी तिथे वीस घोडे धावले. त्यातल्या 'रिच स्ट्राइक' या घोड्याचा भाव होता ऐंशीस एक. आदल्या दिवशी दुसऱ्या एका घोड्याचे नाव मागे घेतले गेले, म्हणून याला जागा मिळाली. तोपर्यंत त्याने एकच शर्यत जिंकली होती. पण शेवटच्या वळणानंतर तो गर्दीतून वाट काढत आला आणि सर्वांच्या पुढे गेला. दोन डॉलरच्या तिकिटावर १६३ डॉलर ६० सेंट मिळाले.

आरोग्याच्या सदरात ही शर्यत कशाला, असे वाचक विचारतील. त्याचे कारण असे की, हा नाद अंगात भिनल्यावर माणूस शेवटी डॉक्टरकडेच येतो. मुंबईला महालक्ष्मीवर हिवाळ्यात आणि पुण्यात पावसाळ्यात शर्यती भरतात. तिथे पाऊल न टाकताही गावात बसून पैसे लावणारे असतात. ते 'मला रेसचा नाद आहे' असे सांगत नाहीत. झोप लागत नाही, छातीत धडधडते, पित्त वाढले आहे, अशा तक्रारी घेऊन येतात.

एका रुग्णाची गोष्ट

चाळिशीतले एक दुकानदार माझ्याकडे असेच आले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) रक्तदाब वाढलेला होता, कार्डिओग्राम चांगला होता. गोळ्या दिल्या, पण गुण येईना. तिसऱ्या वेळी पत्नी सोबत आली. तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यातले मणी होते. सोन्याचे मंगळसूत्र सावकाराकडे होते, आणि हे तिला चार दिवसांपूर्वीच कळले होते.

मग सारे बाहेर आले. काही वर्षांपूर्वी त्यांनी डर्बीच्या दिवशी कोणी विचारत नव्हते अशा घोड्यावर शंभर रुपये लावले आणि तीन हजार मिळाले. तो दिवस, घोड्याचे नाव, जॉकीच्या कपड्यांचा रंग, सगळे त्यांना पाठ होते. त्यानंतर किती गमावले, हे मात्र त्यांना सांगता येईना.

मेंदूत काय होते?

अपेक्षित गोष्ट मिळाली तर मेंदूला फारसे नवल वाटत नाही. अनपेक्षित लाभ झाला की डोपामिन नावाचे रसायन उसळते आणि 'हे पुन्हा कर' अशी खूणगाठ बसते. बक्षीस कधी मिळेल याचा नेम नसला, तर ती सवय सुटायला अधिकच कठीण जाते. आपला घोडा थोडक्यात हुकला, तर त्या हरण्यानेही खेळण्याची ओढ वाढते. 'आज जवळ आलो होतो, उद्या लागेल!'

हिशेब मात्र वेगळेच सांगतो. टोटमध्ये जमलेल्या रकमेतून क्लबचा वाटा आणि कर आधी कापला जातो आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जाते. इंग्लंड-अमेरिकेतील असंख्य शर्यतींच्या अभ्यासात असे दिसले की, मोठ्या भावाच्या घोड्यांवर सतत पैसे लावणारा फेव्हरिटवर लावणाऱ्यापेक्षा जास्त प्रमाणात हरतो. केंटकी डर्बीच्या इतिहासात रिच स्ट्राइकपेक्षा मोठ्या भावाचा विजेता एकच, १९१३ सालचा डोनरेल. आणि स्वतः रिच स्ट्राइक त्या डर्बीनंतर एकही शर्यत जिंकला नाही.

हा आजार आहे

जुगाराचे व्यसन हा आजार म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत आहे. २०१३ पासून अमेरिकन मानसोपचार तज्ज्ञांनीही त्याला दारूसारख्या व्यसनांच्या पंक्तीत बसवले आहे. वर्षातून एकदा गंमत म्हणून पैसे लावणारा प्रत्येक जण रोगी नसतो. पण दोन प्रश्न स्वतःला विचारावेत. पूर्वीपेक्षा जास्त जास्त रक्कम लावावीशी वाटते का? किती खेळलो, याबद्दल घरच्यांशी खोटे बोलावे लागले का? एकाचेही उत्तर 'हो' असेल, तर डॉक्टरांशी बोलावे.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. कंपवाताच्या काही रुग्णांना प्रामिपेक्सॉल, रोपिनिरोल या औषधांमुळे अचानक जुगाराची ओढ लागू शकते. आयुष्यात पत्त्याला हात न लावलेले आजोबा पैसे लावू लागले, तर त्यांना बोल लावू नका, डॉक्टरांना कळवा. औषध मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

घरच्यांनी काय करावे?

१. कर्ज परस्पर फेडून टाकू नये. मोकळा झालेला हात पुन्हा घोड्याकडे वळतो.

२. पैशाचे व्यवहार, पासबुक आणि दागिने काही काळ दुसऱ्याने सांभाळावेत.

३. शपथा घालणे, चारचौघांत अपमान करणे टाळावे. लाजेने माणूस अधिक लपवतो.

४. मानसोपचार तज्ज्ञांकडे न्यावे. समुपदेशनाने विचारांची सवय बदलता येते. सोबत नैराश्य किंवा दारू असेल, तर त्यावरही उपचार होतात.

५. कर्जबाजारी माणूस 'माझ्याशिवाय तुमचे बरे होईल' असे बोलू लागला, तर ते गंभीरपणे घ्यावे. त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत.

वर सांगितलेले दुकानदार वर्षभर उपचार घेत होते. मध्ये एकदा पाय घसरला, पण त्यांनी तो लपवला नाही. आज गल्ल्याची किल्ली पत्नीकडे असते, आणि रक्तदाबाला एकच गोळी पुरते.